बास स्पर्धेत नॉन-बोटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडण्याच्या स्पर्धांत स्वतःची बोट नसताना उतरू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक स्पर्धेचे स्वतःचे नियमपत्रक असते. इथले उत्तर आणि ते पत्रक यांत फरक दिसला, तर पत्रकच खरे माना.

१. नॉन-बोटर म्हणजे नेमके कोण?

ज्याच्या बोटीतून मासेमारी होते तो बोटर. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावर त्याच्याशी जोडी लावलेला, बोटीच्या मागच्या डेकवरून गळ टाकणारा स्पर्धक म्हणजे नॉन-बोटर. काही साखळ्या (स्पर्धांच्या मालिका भरवणाऱ्या संस्था) त्यालाच को-अँगलर म्हणतात. बोट कुठे न्यायची, कुठे थांबवायची, ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) कशी चालवायची हे सगळे बोटर ठरवतो. तुम्ही ट्रोलिंग मोटरला हात लावायचा नसतो. मात्र तुमची लढत बोटरशी नाही. नॉन-बोटरांचा निकाल वेगळा लागतो आणि बक्षिसेही वेगळी असतात. हे डोक्यात पक्के बसले की पुढची निम्मी उत्तरे आपोआप कळतात.

२. सुरुवात कुठून करू?

आपल्या राज्यातल्या बास नेशनच्या (बास मासेमारी क्लबांची संघटना) स्थानिक क्लबपासून करा. महिन्याला एखादी स्पर्धा असते, फी कमी असते आणि बोट असलेल्यांना जोडीदार हवेच असतात. पुढची पायरी म्हणजे मेजर लीग फिशिंग या संस्थेची बास फिशिंग लीग. तिच्या बहुतेक स्पर्धा एका दिवसाच्या, शनिवारी असतात, त्यामुळे नोकरी सांभाळून जमते. संस्थेचे सभासदत्व घ्यावे लागते. नॉन-बोटरची फी साधारण बोटरच्या निम्मी असते. नॉन-बोटर जास्त आणि बोटी कमी असे झाले तर प्रतीक्षायादी लागते, म्हणून नोंदणी उघडताच नाव घाला. बोट असलेला मित्रही त्याच स्पर्धेत असला, तरी जोडी त्याच्याशीच लागेल असे समजू नका.

३. लायसन्स कोणाचे लागते? बोटरचे चालेल का?

नाही, प्रत्येकाचे वेगळे लागते, आणि तेही तलाव ज्या राज्यात आहे त्या राज्याचे. दुसऱ्या राज्यातून जाणार असाल तर एक, तीन किंवा सात दिवसांचे अनिवासी लायसन्स बहुतेक ठिकाणी ऑनलाइन मिळते. तलाव दोन राज्यांत पसरलेला असेल तर कुठले लायसन्स कुठवर चालते ते आधी पाहा. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, कारण १९९६ च्या संघीय कायद्यानुसार राज्यांना तो घ्यावा लागतो. तो नसलेल्यांनी (उदा. एच-४ वर आलेले जोडीदार) ऑनलाइन अडकून बसण्यापेक्षा राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करावा.

४. गांडूळ किंवा कणकेचा गोळा चालतो का?

चालत नाही. या स्पर्धांत फक्त कृत्रिम आमिष लागते. एका वेळी एकच रॉड पाण्यात असावा लागतो. गावाकडे नदीवर गळ टाकून बसायची सवय असेल तर आणखी एक गोष्ट जड जाईल: इथे बसून राहायचे नसते. आठ तासांत हजारभर वेळा गळ फेकला जातो. मनगट आणि खांदा यांची तयारी ठेवा.

५. किती रॉड आणि किती सामान न्यावे?

पाच रॉड, आमिषे ठेवायच्या ३७०० आकाराच्या तीन डब्या आणि रबरी आमिषांची एक पिशवी. रॉड सोडून बाकी सगळे एकाच बॅगेत बसले पाहिजे. बोटर तुम्हाला बहुधा मागचा एक कप्पा देतो आणि डेकवर तुमच्या रॉडसाठी एक पट्टा असतो. दहा रॉड घेऊन आलेला नॉन-बोटर धक्क्यावरच नकोसा होतो.

आम्ही सुचवतो ती जुळणी अशी (मीडियम-लाइट ते हेवी हा रॉडचा कडकपणा; ड्रॉप शॉट, नेड, वॅकी, शेकी हेड, टेक्सास या रबरी आमिष गळाला लावायच्या पद्धती; जिग, स्पिनरबेट, चॅटरबेट, बेडूक, क्रँकबेट ही कृत्रिम आमिषे):

- सात फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, १० पाउंडाची ब्रेड (विणलेली) लाइन आणि पुढे ८ पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला तुकडा). ड्रॉप शॉट आणि नेड रिगसाठी.
- सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, तशीच लाइन. वॅकी रिग आणि शेकी हेडसाठी.
- सात फुटी मीडियम-हेवी बेटकास्टर (रील वरच्या बाजूला असलेला रॉड), १५ पाउंडाची फ्लुरोकार्बन. टेक्सास रिग, जिग, स्पिनरबेट.
- सव्वासात फुटी हेवी बेटकास्टर, ५० पाउंडाची ब्रेड. पाणगवत आणि बेडकासाठी.
- सात फुटी, जरा लवचिक मीडियम रॉड, १२ पाउंडाची लाइन. क्रँकबेटसाठी.

प्रत्येक रॉडवर कापडी खोळ म्हणजेच स्लीव्ह चढवा. स्लीव्ह नसले की भरधाव बोटीत रॉड एकमेकांत अडकतात आणि पहिल्या जागेवर पोचल्यावर दहा मिनिटे गाठी सोडवण्यात जातात. बोटर तोवर वीस वेळा गळ टाकून मोकळा झालेला असतो.

पक्कड, लाइन कापायची कात्री, कलिंगचे टॅग (प्रश्न १४), मोजपट्टी आणि पावसाळी सूट स्वतःचा न्या. तळाला काळे रबर असलेले बूट टाळा, डेकच्या गालिच्यावर डाग पडतात.

६. लाइफ जॅकेट कोणते घ्यावे?

मुख्य इंजिन चालू असताना ते अंगावर बांधलेले असणे सक्तीचे आहे. आपोआप फुगणारे जॅकेट घालायला सोयीचे, पण त्यात दोन जाती आहेत. एकात पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती मुसळधार पावसात किंवा लाटांच्या फवाऱ्यातही फुटते आणि जॅकेट अचानक गळ्याभोवती फुगते. दुसरे पाण्याच्या दाबावर चालते. ते महाग आहे, पण बास बोटीवर तेच बरे. निघण्यापूर्वी गॅसचा सिलिंडर हाताने घट्ट फिरवून बघा. तो सैल झालेला असतो आणि बाहेरून कळत नाही. स्पर्धेला फुगणारे जॅकेट चालते का, हेही पत्रकात बघून घ्या.

७. बोटरला आदल्या रात्री काय विचारावे?

जोडी जाहीर झाली की फोन तुम्ही करा, वाट बघू नका. विचारायच्या गोष्टी: किती वाजता आणि कुठल्या रँपवर (बोट पाण्यात उतरवायचा उतार) भेटायचे, पाणी किती खोल, गवत आहे की दगड की धक्के, तो साधारण कोणत्या आमिषाने सुरुवात करणार, किती लांब पळायचे आहे, रॉड किती आणू. जागा कुठली, हे विचारू नका. ती सकाळी दिसेलच. आपल्याला ट्रेलर मागे घेता येतो की नाही, हे खरे सांगा. येत असेल तर बोटर बोटीत बसून राहतो आणि तुम्ही त्याची गाडी लावून येता. त्याने वेळ वाचतो आणि दिवसाची सुरुवात चांगली होते. येत नसेल तर तसे स्पष्ट सांगितलेले बरे. अंधारात रँपवर शिकायला जाऊ नका.

८. पेट्रोलचे किती द्यायचे?

पत्रकात काही लिहिलेले नसेल तर ४० ते ६० डॉलर रोख, सकाळी गाडीपाशीच, न मागता. लांब पळ असेल तर जास्त. दिवस संपल्यावर, मासे न लागल्याच्या रागात हा हिशेब काढू नये. दोन पाण्याच्या बाटल्या बोटरसाठीही घ्या. टॅकलपेक्षा त्याची आठवण जास्त राहते.

९. बोट ताशी ६०-७० मैल पळते तेव्हा काय काळजी घ्यावी?

टोपी काढून जॅकेटच्या आत कोंबा. डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा हवा, नाहीतर थंडीत पाणी येऊन काही दिसत नाही. पाय सपाट, एक हात पकडीवर. लाटा आल्या की पाठ ताठ ठेवून आपटू नका, गुडघ्यांवर थोडा भार घ्या. डेकवर काहीही मोकळे ठेवू नका, आमिषाचे रिकामे पाकीटसुद्धा. किल स्विचची (चालवणारा जागेवरून फेकला गेला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी बोटरने लावली आहे का, ते बघा. २६ फुटांखालच्या बोटींवर ती वापरणे १ एप्रिल २०२१ पासून संघीय कायद्याने बंधनकारक आहे. बोटर पाण्यात पडला तर इंजिन बंद कसे करायचे, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

१०. पुढे बोटर असताना मागे मासे उरतात का?

उरतात. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बोटरचेच आमिष, त्याच वेगाने, त्याच जागी टाकणे ही नवख्यांची नेहमीची चूक. जो मासा ते घेणार होता तो त्याने घेतला. उरलेल्याला दुसरे काही दाखवायला हवे. फरक तीन ठिकाणी करता येतो: वेग, खोली आणि कोन.

वेग: तो स्पिनरबेट किंवा चॅटरबेट ओढत भराभर जात असेल, तर तुम्ही हळू चालणारे काही टाका. वजन न लावलेली पाच इंची रबरी काडी, मध्ये गळ टोचून (हीच वॅकी रिग). तो स्वतः जिगने हळू, एकेक खुंट तपासत असेल, तर तुम्ही मधल्या मोकळ्या पाण्यात क्रँकबेट फिरवा.

खोली: बहुतेक बोटर किनाऱ्याकडे तोंड करून टाकतात. बोटीच्या दुसऱ्या बाजूचे खोल पाणी दिवसभर कोणी बघत नाही. गवताची बाहेरची कड किंवा उतार तिकडे असेल तर तिथे ड्रॉप शॉट किंवा टेक्सास रिग सोडा.

कोन: एक खाजगी धक्का डोळ्यांपुढे आणा. बोटर पुढच्या दोन खांबांपाशी जिग टाकतो आणि सरकतो. तुमच्यासमोर धक्का येतो तेव्हा पुढचे खांब झालेले असतात. बोट आणखी सहा फूट जाऊ द्या. आता मागचा कोपरा दिसतो, जिथे पायवाट किनाऱ्याला मिळते आणि सावली सर्वांत दाट असते. बोटरला पुढून तो दिसलाच नव्हता. वॅकी रिग हलक्या हाताने, पाण्यालगत, पायवाटेखाली सरकवा आणि लाइन सैल सोडा. काडी दोन्ही टोके थरथरवत खाली जाते. ओढ हाताला फारशी कळत नाही, लाइन टिचकी मारल्यासारखी उडते किंवा आडवी चालू लागते. तेवढ्यावर सैल लाइन गोळा करून रॉड उचला. यासाठी तुम्हाला चार-पाच सेकंद मिळतात, म्हणून गळ टाकण्यापूर्वीच मासा लागला तर तो कुठून ओढून काढायचा ते बघून ठेवा.

११. बोट सतत पुढे सरकते, माझे आमिष तळाला राहतच नाही. काय करू?

बोट पुढे जाते तशी लाइन ताणली जाते आणि आमिष वर उचलले जाऊन बोटीमागे वाहत येते. तीन गोष्टी करा. एक, वजन एक पायरी वाढवा: पाव औंसाऐवजी तीन अष्टमांश. दोन, काटकोनात किंवा किंचित मागे टाका आणि आमिष पडताना रीलवरून लाइन सोडत राहा. तीन, एका जागी दोनदाच हलवा आणि गुंडाळा, पुढची जागा घ्या. पुढच्या दिशेने ४५ अंशात टाकले तर लाइनला जास्त वेळ मिळतो खरा, पण ते बोटरचे पाणी आहे. त्याने सांगितल्याशिवाय बोटीच्या मध्यापुढे टाकू नका.

१२. बोटर समोर पडद्यावर बघून खोल पाण्यात एकेक मासा शोधतोय. मी काय करायचे?

पुढे बघणारा सोनार आल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. किनारा नाही, खुणा नाहीत, आणि मागे पडदाही बहुधा नसतो. मासे किती फुटांवर आहेत एवढे विचारा, बहुतेक जण सांगतात. मग जिग हेडवर छोटा रबरी मासा लावा. खोली माहीत असलेल्या जागी एकदा तळापर्यंत मोजून घ्या: वीस फुटांना किती आकडे लागले? त्या हिशेबाने मासे ज्या थरात आहेत त्याच्या जरा वर आमिष थांबवा आणि एकसारखे, सावकाश ओढा. बास खालून वर येऊन घेतो, खाली जाऊन घ्यायला नाखूश असतो. जॉर्जियातल्या लेनियर तलावासारख्या स्वच्छ, खोल पाण्यात, जिथे स्पॉटेड बास अधांतरी फिरतात, हे खूप चालते. अलाबामातल्या गंटर्सव्हिलसारख्या गवताळ तलावात तेवढे नाही. तिथे प्रश्न १० मधला खोलीचा मुद्दा जास्त कामाचा.

१३. बोटर मुद्दाम बोट अशी लावतो की मला काहीच पाणी मिळत नाही. तक्रार करावी का?

आधी खात्री करा. वाऱ्यात बोटीची शेपटी फिरते आणि बोटर नाक वाऱ्यात धरून असतो, तेव्हा मागचा माणूस आपोआप बाहेर पडतो. त्यात दुष्टपणा नसतो. तरी वाटले तर एकदाच, साध्या शब्दांत सांगा: 'दोन-तीन फेक मिळतील असा कोन देता का?' बहुतेक जण देतात. नाहीच दिला तर दिवस भांडणात घालवू नका, मोकळ्या बाजूचे पाणी घ्या. नियम मोडला असेल (धोकादायक वेग, वेळेआधी मासेमारी) तरच संचालकांकडे जा, आणि त्याच दिवशी जा. नुसते स्वार्थी असणे बहुतेक पत्रकांत गुन्हा नाही, आमच्या मते असायलाही नको. बोट त्याची, हप्ते त्याचे.

१४. किती मासे ठेवता येतात? कलिंग कसे करतात?

काही साखळ्यांत नॉन-बोटरला पाच, काहींत तीन. बोटरची मर्यादा पाच म्हणून आपलीही पाच, असे धरू नका. मर्यादा भरल्यावर मोठा मासा आला की लहान सोडायचा, यालाच कलिंग म्हणतात. प्रत्येक माशाला रंगीत टॅग लावून त्याचे वजन लिहून ठेवा, म्हणजे तराजूची मारामार होत नाही. बोटरच्या टॅगपेक्षा वेगळ्या रंगाचे घ्या आणि लाइव्हवेलची (मासे जिवंत ठेवायच्या टाकीची) कुठली बाजू तुमची, ते सकाळीच ठरवा. जास्तीचा मासा आला की पुढचा गळ टाकण्याआधी निवाडा व्हायला हवा. दोन फेक टाकून मग बघू, असे केले तर दंड होतो. मेलेला मासा कलिंगमध्ये सोडता येत नाही.

१५. मासा मापात बसतो की नाही, कसे मोजायचे?

तोंड मिटलेले, नाक पट्टीच्या टोकाला टेकलेले, शेपटी चिमटीत दाबून. किमान लांबी तलावानुसार बदलते, १२, १४ किंवा १५ इंच. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड यांना एकाच तलावात वेगवेगळे माप असू शकते. केसभराची शंका असेल तर सोडून द्या. काट्यावर लहान निघालेला मासा तर जातोच, वर दंड म्हणून वजनही कापले जाते.

१६. उन्हाळ्यात मासे मरतात. काय चुकते?

बहुतेकदा लाइव्हवेलच्या पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. पाणी तापले की तो कमी विरघळतो. पंप स्वयंचलित वेळेवर न ठेवता सतत चालू ठेवा. गोठवलेली बाटली किंवा बर्फाची लादी टाकून पाणी तलावापेक्षा पाच ते दहा अंश फॅरनहाइट थंड ठेवा, त्याहून जास्त नको. बर्फ तुम्ही आणा, बोटरला विचारून.

पंचवीस-तीस फुटांखालून काढलेला मासा कधी कधी उलटा, पोट वर करून तरंगतो. त्याची हवेची पिशवी फुगलेली असते. सुई टोचून हवा काढतात, पण ते येत असलेल्यानेच करावे, चुकीच्या जागी टोचले तर मासा जातो. वजनाच्या पिशवीत भरपूर पाणी घ्या आणि रांग पुढे सरकल्यावरच मासे पिशवीत भरा. मेलेल्या माशामागे साधारण ४ औंस, काही ठिकाणी ८ औंस कापतात. स्पर्धेत मासे जिवंत सोडायची ही चाल रे स्कॉट यांनी काढलेल्या बास (B.A.S.S.) या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने १९७२ मध्ये रुजवली. आज ती सर्वत्र गृहीत धरली जाते.

१७. जाळे कोणी धरायचे?

जाळे चालते का, हे आधी पत्रकात बघा, काही स्पर्धांत बंदी आहे. चालत असेल तर बोटरचा मासा तुम्ही काढायचा, तुमचा त्याने. त्याला मासा लागला की तुमचा गळ लगेच गुंडाळा. जाळे आधीच पाण्यात तिरके धरा, मासा डोक्याकडून आत येऊ द्या. माशामागे जाळे घेऊन धावू नका आणि त्याच्या लाइनला हात लावू नका. शेपटीकडून झडप घातली की मासा उसळी मारतो, मोकळा गळ जाळ्यात अडकतो आणि मासा सुटतो.

१८. वसंतात अंड्यांवर बसलेला बास दिसला आणि गळ त्याच्या अंगाला लागला, तर मोजतात का?

मोठ्या साखळ्यांत नाही. डोळ्यांनी दिसणाऱ्या, घरट्यावरच्या माशाला गळ तोंडाच्या आत लागलेला असावा लागतो. गळ काढण्यापूर्वी जोडीदाराला दाखवा, नंतर सांगून उपयोग नाही. तो मासा बोटरने आधीच आपला म्हणून धरलेला असेल तर त्याच्यावर टाकू नका.

१९. सरावाच्या काळात ओळखीच्याला तलावाची माहिती विचारली तर?

बहुतेक साखळ्यांत ठरावीक तारखेनंतर बाहेरून माहिती घेणे बंद असते, आणि ते नॉन-बोटरलाही लागू असते. फोन, गाइड, दुकानदाराने सहज सांगितलेली जागा, सगळे त्यात येऊ शकते. बक्षीस मिळणाऱ्याची पॉलिग्राफ चाचणी होऊ शकते. स्वतःच्या बोटरशी बोलणे मात्र चालते (प्रश्न ७).

२०. इंजिन बंद पडले आणि वजनाची वेळ होत आली. माझे मासे बुडाले का?

लगेच नाही, पण फोन लगेच करायला हवा. संचालकांचा नंबर सकाळीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. बोट बंद पडल्यावर दुसऱ्या स्पर्धकाच्या किंवा आयोजकांच्या बोटीतून परतायची सोय पत्रकात असते. ती घेताना परवानगीशिवाय बोटरपासून वेगळे होऊ नका, कारण दोघांनी दिवसभर एकमेकांच्या नजरेत राहायचे असते. मासे कोणी न्यायचे ते संचालक सांगतील तसे करा. उशिराला साधारण दर मिनिटाला एक पाउंड कापतात आणि १५ मिनिटांनंतर त्या दिवसाचे सगळे वजन जाते. परत यायची वेळ बोटीच्या क्रमांकानुसार वेगळी असते, म्हणून ती बोटरच्या भरवशावर न ठेवता स्वतःच्या घड्याळात गजर लावा.

२१. बक्षीस मिळाले तर कर? आणि एच-१बी किंवा एफ-१ वर असलो तर?

बक्षीस हे उत्पन्न आहे, त्यावर कर लागतो. आयोजक पैसे देण्यापूर्वी सहसा डब्ल्यू-९ हा करासाठीचा फॉर्म भरून घेतात. फी, पेट्रोल, हॉटेल यांच्या पावत्या जपून ठेवा, त्यांतले काय वजा होते ते कर सल्लागार सांगेल. व्हिसावर असलेल्यांनी बक्षिसाची रक्कम घेता येते का, हे नोंदणीआधीच स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला विचारावे. क्लबमधल्या अनुभवी माणसाचे मासेमारीतले मत सोन्यासारखे असेल, पण व्हिसाबाबत त्याच्यावर विसंबू नका. ज्यांना हा घोळच नको, त्यांनी बक्षीस नसलेल्या क्लब स्पर्धा धराव्यात. मागच्या डेकवर उभे राहायला तिथेही शिकता येते.